दीड ते चार

चंपालालजी जेवायला बसले होते आणि त्यांचा खोकला शेजारच्या खोलीतून आला.

हातातला फुलका हातातच राहिला. खोकला त्यांचाच होता. आधी दोन कोरडे, मग एक लांब, आणि घसा खाकरून झाल्यावरचं ते ‘हं’. बासष्ट वर्षं बाळगलेला खोकला माणसाला ओळखू येणार नाही तर काय. त्यामागून लाकडी जिन्यावर चपला वाजत आल्या, फट्‌ फट्‌, आणि मग त्यांचाच आवाज आला, “कुठे मेला रे?” पाठोपाठ भांडी कोसळल्याचा असा दणका बसला की त्यांच्या बायकोच्या, जतनबाईंच्या हातून वरणाचा डाव निसटला.

“रिद्धी,” चंपालालजी म्हणाले, “काय चाललंय तिकडे?”

घरात ही मंडळी मारवाडीत बोलत, दुकानात मराठीत आणि रागावल्यावर दोन्हींत. आपण मराठीतच सांगू. रिद्धी, त्यांची धाकटी, कॉलेजला जाणारी, मोबाइल पाठीमागे धरून दारात आली. तिचं तोंड बघूनच जतनबाईंना कळलं की आता लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षं मायलेकींनी लपवलं होतं. अनुजने गेम बनवला होता.

अनुज म्हणजे थोरला. सव्वीस वर्षांचा. जळगावच्या बाजारात आजोबांपासून चालत आलेलं भांड्यांचं दुकान, त्याचा एकुलता एक वारस. तो दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचा डबा काखोटीला मारून धुळ्याला निघून गेला. ‘भुतांचे खेळ बनवून पोट भरणार का तू?’ एवढंच चंपालालजी म्हणाले होते, असं चंपालालजी सांगत. एवढंच म्हणाले नव्हते. पण ते काय काय म्हणाले ते आता उगाळण्यात हशील नाही. तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. आई चोरून फोन करायची, बहीण चोरून जायची, आणि बाप जेवताना रोज एकदा विचारायचा, “तो जेवला की नाही काही?” आणि उत्तराची वाट न बघता उठायचा.

“दाखव,” चंपालालजी म्हणाले.

रिद्धीने दाखवलं. गेमचं नाव ‘दीड ते चार’. भांड्यांचं दुकान, दुपारी बंद. वर माळा, पत्र्याखाली. माळ्यावर एक नऊ वर्षांचा पोरगा अडकलाय आणि आजूबाजूला परातींच्या चळती, पेल्यांच्या उतरंडी, कोठ्या, हंडे. त्याला दारापर्यंत जायचंय. कशालाही धक्का लागला की भांडं वाजतं. भांडं वाजलं की खाली खोकला ऐकू येतो. मग चपला जिना चढतात. मग शेठ दारात येतो. शेठचं तोंड दिसत नाही, पाठीमागून ऊन असतं. दिसतो तो फक्त पांढरा सदरा आणि कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा.

किल्ल्या चंपालालजींच्या कमरेला आत्ताही होत्या.

आता माझं ऐकाल तर अशा वेळी माणसाने शांत बसावं, पाणी प्यावं. चंपालालजींनी ताट सरकवलं. “बापाला भूत केलं,” ते म्हणाले. “अख्ख्या जगात विकायला ठेवलं. वा.” आणि दुपारची झोप न घेता दुकानात जाऊन बसले.

गादीवर बसल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली आणि ती जास्त लागली. घर सोडण्याआधीचे चार महिने अनुज रोज दुकानात यायचा. गादीच्या शेजारी मुकाट बसायचा, मोबाइल काउंटरवर पालथा ठेवायचा. चंपालालजींनी बाजारभर सांगितलं होतं, पोरगा मार्गाला लागला. एवढंच काय, देरासरात जाऊन देवापुढे हात जोडून आले होते. पोरगा तेव्हा मोबाइलमध्ये त्यांचा खोकला भरून घेत होता.

त्यांनी उखर्डूला बोलावलं. उखर्डू असोद्याचा, तीस वर्षं दुकानात हमाली करणारा, माळ्यावरचं प्रत्येक भांडं त्याच्या हाताखालचं. रिद्धीने पाठवलेली चित्रं त्याला दाखवली. त्याने मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

“शेठ, हाऊ आपला माळा शे,” तो म्हणाला. “बठ्ठा तसाच शे.”

“सगळा तसाच आहे, ते दिसतंय मला.”

उखर्डूने चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग मोबाइल परत देत हळू आवाजात म्हणाला, “त्या दिन पोऱ्या वर शे, हाई तुमले माहीत व्हतं.”

चंपालालजींनी मोबाइल गादीवर पालथा ठेवला. लग्नाकार्यात ते एक किस्सा सांगत. मे महिना, शाळेला सुट्टी, अनुज नऊ वर्षांचा. दुपारी दुकान बंद करताना तो माळ्यावर खेळतोय हे आपण विसरूनच गेलो, कडी लावली आणि घरी जाऊन ताणून दिली. चार वाजता उघडतो तर पठ्ठ्या हंड्यांमध्ये गाढ झोपलेला. लोक पोट धरून हसत. अनुजही हसायचा, नाइलाजाने.

खोटं कशाला बोलू, विसरले नव्हते. पोराच्या हातून काचेच्या झाकणांची चळत फुटली होती. आवाज ऐकून चंपालालजी वर गेले. पोरगा कोठ्यांच्या मागे लपला. त्यांनी हाका मारल्या, तो बाहेर येईना. ते म्हणाले, ‘बस मग इथेच,’ आणि कडी घातली. दीड ते चार. जळगावचा मे, वर पत्रा. घरी सांगितलं, तो मित्राकडे जेवतोय. उघडलं तेव्हा पोरगा झोपला नव्हता. त्याची चड्डी ओली होती आणि तो कोठ्यांच्या मागून बाहेर यायला तयार नव्हता. उखर्डूने उचलून खाली आणला आणि नळाखाली धरला.

त्या संध्याकाळी चंपालालजींनी रिद्धीला विचारलं, “लोक काय म्हणतात?”

“कशाबद्दल?”

“मालाबद्दल.”

इथे दुकानाची एक रीत सांगायला हवी. चंपालालजींच्या वडिलांनी, बन्सीलालजींनी घालून दिलेली. गिऱ्हाईक भांड्याची तक्रार घेऊन आलं तर गादीवरून उठायचं. तक्रार उभ्याने ऐकायची, मध्ये बोलायचं नाही, तक्रार खोटी असली तरी. चंपालालजी स्वभावाने कितीही तिखट असोत, ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. रिद्धी पलंगावर बसून मतं वाचू लागली तसे ते खुर्चीवरून उठले आणि भिंतीपाशी उभे राहिले. रिद्धीला वाटलं, आता मोबाइल हिसकावणार. ते हात मागे बांधून नुसते उभे होते.

गेम विकत घेणारे कुठले कुठले. ब्राझील, पोलंड, कोचीन. रिद्धी इंग्रजी वाचायची आणि मराठी करून सांगायची.

“एक जण म्हणतो, फालतू. दचकवण्यापलीकडे ह्याला काही येत नाही. एक ताट पडलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून.”

“पुढे.”

“हा म्हणतो, मी चाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. चपलांचा आवाज आला आणि मी खरंच टेबलाखाली गेलो. बायको हसतेय.”

“पुढे.”

“ही बाई म्हणते, खोकला काढून टाका. भूत चालेल, खोकला नको. माझ्या बापाचा असाच होता.”

चंपालालजींना खोकला आला होता. त्यांनी तो गिळला.

“हा सल्ला देतोय बाकीच्यांना. म्हणतो, शेठ दारात आला की श्वास धरायचं बटण दाबून ठेवा आणि हलू नका. तो गेला की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं. चपला जिना उतरून पार खाली गेल्या की मगच सुटलात. चपला वाजल्या नाहीत तर समजा, तो अजून दारातच आहे.”

“आणि?”

रिद्धी थांबली. मग वाचलं. “हा म्हणतो, मी मुद्दाम लपलोच नाही. समोर उभा राहिलो, बघू काय करतो. शेठ काहीच करत नाही. मारत नाही, धरत नाही. कडी लावतो आणि निघून जातो. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.”

चंपालालजी त्यानंतर बराच वेळ भिंतीपाशी उभे होते. जतनबाई दारातून बघत होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी त्यांनी सासरे गेले तेव्हा एकदाच पाहिलं होतं. आज दुसऱ्यांदा पाहिलं. त्या आत निघून गेल्या. असं पाहिलेलं नवऱ्याला आवडलं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की चंपालालजी उभे राहत आणि रिद्धी वाचे. झोप बंद झाली. राग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. त्याच्या जागी एकच घोर लागला, आणि तोही रिद्धीनेच बोलता बोलता लावला. शंभरातली एकसष्ट माणसं गेमला चांगलं म्हणत होती. हा आकडा सत्तरच्या वर गेला तर एक परदेशी कंपनी तो गेम सगळीकडे नेणार होती. अनुज त्याकडे डोळे लावून बसला होता. महिनाअखेरपर्यंत मुदत होती. नाही झालं तर सामान विकून कुठेतरी नोकरी धरीन, असं तो आईला म्हणाला होता.

“मतं किती आली एकूण?” चंपालालजींनी विचारलं.

“साडेपाचशेच्या आसपास.”

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. एकशे ऐंशी चांगली मतं हवीत. एकशे ऐंशी माणसं! पोरीच्या साखरपुड्याला यापेक्षा जास्त येतात. इतकी वर्षं पोराचं कधी कौतुक केलं नव्हतं, आणि आता देवाने इतकी सोपी संधी समोर ठेवली होती. हे असंच त्यांना वाटलं. त्यांच्या जागी बाजारातल्या कुणालाही असंच वाटलं असतं. एखाद्याचं दुकान उघडलं की सगळ्यांनी जाऊन बोहनी करायची, गरज असो नसो, डबा तरी घ्यायचा, आणि बाहेर येऊन माल चांगला म्हणायचं. ह्याला कुणी लबाडी म्हणत नाही. ह्याला पाठीशी उभं राहणं म्हणतात.

रिद्धीची परीक्षा चालू होती. तिला सांगितलं नाही. अनुजला तर कळूच द्यायचं नव्हतं. समाजाच्या ग्रुपवर चंपालालजींनी स्वतः टाइप केलं: ‘जय जिनेंद्र. चि. अनुजने गेम बनवला आहे. रविवारी दुपारी दीड ते चार, रुपचंदजींचे कॉम्प्युटर क्लासेस. सर्वांनी येऊन आशीर्वाद द्यावेत. चहा-कचोरी.’

माणसं आली. जळगावातून आली, जामनेरहून दोन गाड्या भरून आल्या, एरंडोलचे साडू आले. रुपचंदजींचे दहा कॉम्प्युटर होते आणि रुपचंदजींची पोरं प्रत्येकाचं खातं उघडून देत होती. विकत घेतल्याशिवाय मत देता येत नाही म्हटल्यावर प्रत्येकाने आहेर दिल्यासारखा गेम विकत घेतला. पाच-पाच मिनिटं खेळले. पहिल्या दणक्याला एक काकू खुर्चीसकट मागे सरकल्या, सगळे हसले. मग ज्याने त्याने मत लिहिलं. ‘खूप छान. चंपालालजींचे अभिनंदन.’ ‘संस्कारी घरातल्या मुलाने बनवलेला गेम. सहकुटुंब बघण्यासारखा.’ ‘भांडी अगदी अस्सल वाटतात.’ ‘अनुजला पुढील वाटचालीस शुभेच्छा, जामनेरकर परिवार.’

चार वाजेपर्यंत एकशे शहाऐंशी झाले. चंपालालजी दारात उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. इतके खूश ते कित्येक वर्षांत नव्हते. उखर्डूसुद्धा आला होता. त्याचं बोट माउसवर धरून कसंबसं ते चांगल्याचं चिन्ह दाबून घेतलं, तेव्हा तो पडद्यावरच्या माळ्याकडे बघत होता आणि त्याने कचोरी घेतली नाही.

मंगळवारी रिद्धीने पेपरवरून आल्यावर मोबाइल उघडला आणि ती जिन्यातच बसली.

गेम ज्या ऑनलाइन दुकानात विकला जात होता, ते चालवणाऱ्या कंपनीला एवढंच दिसलं होतं की एकाच जागेवरून, दहाच मशिनींवरून, अडीच तासांत एकशे शहाऐंशी खाती उघडली, पाच मिनिटं खेळली आणि सगळ्यांनी एकसारखी स्तुती केली. असा खोट्या मतांचा उद्योग करणाऱ्यांना ते दाराबाहेर काढतात. गेम काढून टाकला. अनुजचं खातं बंद केलं, कायमचं. गेम सगळीकडे नेणार होती त्या कंपनीने दोन ओळींत बोलणं थांबवलं. आणि खेळणारे? ते जिथे जमून गप्पा मारतात तिथे तर नुसता शिमगा चालला होता. ‘भामटा निघाला.’ ‘मी ह्याच्यासाठी भांडलो होतो, लाज वाटते.’ ‘शेठपेक्षा बनवणारा भयानक.’ टेबलाखाली बसलेला तो चाळीस वर्षांचा बाप, त्यानेही लिहिलं होतं: ‘मला वाटलं होतं, हे कुणीतरी खरं काहीतरी सांगतंय.’

रिद्धीने हे सगळं बापाला वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. चंपालालजींनी उभ्यानेच ऐकलं.

“अनुज काय म्हणाला?” त्यांनी विचारलं.

रिद्धीने त्याचा शेवटचा मेसेज दाखवला. ‘हे पप्पांनी केलंय ते कळलं. मला त्रास झालाय हे त्यांना कळू देऊ नकोस.’ त्यानंतर फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद होता. तिसऱ्या दिवशी जतनबाईंनी डबा भरला. त्या नवऱ्याला कधी उलटून बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. डबा त्यांच्यासमोर ठेवून एवढंच म्हणाल्या, “तुम्ही जा. मी गेले तर तो माझ्यासमोर हसेल.”

चंपालालजींनी धुळ्याची अकराची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून भाजकं वारं येत होतं. चंपालालजी मांडीवर डबा धरून एक वाक्य पाठ करत होते. माणूस आयुष्यभर भाव ठरवत आला, पण हे वाक्य काही जमेना. शेवटी त्यांनी ते जमेल तेवढं लहान केलं: चुकलं माझं, आत्ताचं पण आणि तेव्हाचं पण. एवढं म्हणायचं, डबा द्यायचा, तो म्हणाला तर बसायचं.

धुळ्यात देवपुरातली अनुजची इमारत सापडायला वेळ लागला. तिसरा मजला, वर गच्ची. रस्त्यावर माणूस नव्हता. जिना अरुंद, फरशीचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना वरून बोटं चालल्याचा आवाज ऐकू आला, कॉम्प्युटरवर, भराभर. त्यांना बरं वाटलं. पोरगा आहे. काहीतरी करतोय.

आणि तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर त्यांना खोकला आला. दोन कोरडे, मग एक लांब.

वरचा आवाज थांबला.

चंपालालजी दाराशी गेले. आतून कडी होती. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता आणि उजेडात एका पावलाची सावली होती. ती हळूच मागे सरकली आणि दिसेनाशी झाली. पंखा बंद झाला. त्या उन्हात, तिसऱ्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली आतल्या माणसाने पंखा बंद केला होता, आवाज होऊ नये म्हणून.

“अनुज,” ते म्हणाले. “आहेस का रे?”

आत काही हललं नाही.

“चुकलं माझं,” चंपालालजी दाराला म्हणाले. पुढचं म्हणायला तोंड उघडलं आणि खोकल्याने गाठलं. तोंडावर रुमाल दाबला, भिंतीला टेकले, पण तो काही आवरेना. एवढ्या बंद जिन्यात तो खोकला खालपर्यंत घुमला. थांबला तेव्हा आत इतकी शांतता होती की त्यांना समजलं, आत कुणीतरी श्वास धरून उभं आहे. सव्वीस वर्षांचा, दाढी असलेला पोरगा. कशाच्या तरी मागे.

दार ठोठावावं असं त्यांना फार वाटलं. हात वर गेलाही होता. शेठ काहीच करत नाही, कडी लावतो आणि निघून जातो, हे आठवलं. पण ही कडी आतून होती आणि ती उघडणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी डबा उंबऱ्यापाशी ठेवला. वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी, लहान बाळ ठेवावं तसा.

मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. आता तरी ह्याला आपला आवाज नको, असं त्यांच्या मनात आलं. अनवाणी, भिंतीला धरून, ते चार पायऱ्या उतरले. पाचव्या पायरीवर थांबले.

चपला वाजल्या नाहीत तर समजा, तो अजून दारातच आहे.

वरचा पंखा अजून बंद होता. पोरगा असाच उभा राहील. अर्धा तास राहील, चार वाजेपर्यंत राहील. त्याला तेवढं राहता येतं, हे चंपालालजींइतकं कुणाला ठाऊक होतं.

त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि पायात घातल्या. कठडा धरला. आणि पाय आपटत उतरायला लागले, एकेका पायरीवर थांबून, मुद्दाम, जोरात, फट्‌ फट्‌, वरपर्यंत नीट ऐकू जाईल असे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने दार उघडून बघितलं, हा कोण म्हातारा एवढा पाय आपटत चाललाय. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा, तो मध्येच वाजून पोराला वेगळंच वाटायला नको म्हणून. तळमजल्यावर येऊन ते फाटकापर्यंत तसेच आपटत गेले.

फाटकाबाहेर उन्हात ते थांबले. वरच्या उघड्या खिडकीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पंखा सुरू झाला.